किडनीवरची गाठ, चार छिद्रं आणि आधीचे पंधरा दिवस

मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून सीटी स्कॅन केला. खडा सापडला, दोन दिवसांत पडूनही गेला. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ राहिली: 'डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत २.३ सेंमीची गाठ'. ही ओळ घेऊन लोक आधी फॅमिली डॉक्टरांकडे जातात, मग इंटरनेटवर, आणि रात्रभर झोपत नाहीत.

दुसऱ्या वाटेने येतात ते बीपीचे रुग्ण. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. बीपी असलेल्या प्रत्येकाची अल्डोस्टेरॉन या हार्मोनची तपासणी व्हावी, असं त्यात सुचवलं आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकलं होतं. त्यामुळे वीस वर्षं 'टेन्शनचं बीपी' म्हणून गोळ्या खाणाऱ्यांना आता कुणीतरी सांगतं, की तुमच्या बीपीमागे ॲड्रिनलची गाठ असू शकते.

दोघांचाही पुढचा प्रश्न एकच असतो: 'दुर्बिणीतून निघेल ना?' बहुतेकदा निघते. भूल आणि तयारी सोडली तर दीड ते तीन तासांचं काम, तीन-चार छिद्रं, दोन-तीन दिवसांत घरी. पण या ऑपरेशनचं यश टेबलावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त आधीच्या तपासण्यांत, आधीच्या पंधरा दिवसांच्या औषधांत आणि नंतरच्या काही महिन्यांत ठरतं. म्हणून इथे सुरुवात छिद्रांपासून करत नाही.

## ही ग्रंथी करते काय?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम, रंग पिवळा. उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीच्या आकाराची. शेजार किडनीचा असला तरी काम स्वतंत्र आहे. तेव्हा 'किडनीची गाठ' म्हणून घाबरू नका. ॲड्रिनलच्या ऑपरेशनमध्ये किडनी जागच्या जागी राहते.

ग्रंथीच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं, ते शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याच थरात कॉर्टिसॉलही तयार होतं. साखर, बीपी, सूज, आजारपणाशी झुंजण्याची ताकद, सगळं त्याच्या हातात. पुरुषी हार्मोनही थोडं तिथेच बनतं. आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन.

एरवी हे सगळं मोजूनमापून चालतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो, तसं. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हुकूम थांबवते. अल्डोस्टेरॉनचा हुकूम मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनचा. गाठ झाली की बॉल वर येऊनही नळ बंद होत नाही. या आजारांच्या काही महत्त्वाच्या चाचण्या म्हणजे बॉल हाताने उचलून धरायचा आणि तरीही पाणी पडतंय का ते बघायचं, एवढंच.

## गाठ दिसली म्हणजे काढायचीच का?

नाही. मोठ्या माणसांच्या पोटाच्या सीटीत शंभरात चार-पाच जणांना अशी गाठ सापडते, वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. यातल्या बहुसंख्य गाठी मुक्या असतात. हार्मोन सोडत नाहीत, वाढत नाहीत, माणसाबरोबर म्हाताऱ्या होतात.

दोन प्रश्न विचारायचे. गाठ हार्मोन सोडते का? आणि ती कॅन्सरची आहे का? दुसऱ्याचं उत्तर बरंचसं सीटीतच असतं. इंजेक्शन न देता काढलेल्या सीटीत गाठीची घनता मोजतात, तिचं माप हाउन्सफिल्ड युनिटमध्ये येतं. घनता १० किंवा त्याहून कमी आणि गाठ एकसारखी दिसत असेल, तर ती चरबीने भरलेली साधी गाठ. अशा गाठीसाठी दर सहा महिन्यांनी सीटी काढत बसायची गरज नसते. घनता २० च्या वर, ४ सेंमीहून मोठी, कडा वेड्यावाकड्या, झपाट्याने वाढणारी, अशी गाठ असेल तर सावध व्हायचं. रिपोर्टमध्ये घनतेचा आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून मागून घ्या. त्या एका आकड्याने अनेकांची झोप परत येते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, वजन उतरतंय, बीपी उलट कमी होतंय, अंग काळवंडतंय, तर टीबी किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे हार्मोन जास्त नसतं, कमी पडत असतं. त्यावर औषधं आहेत. कापाकापीने काही साधत नाही.

आणि सुई टोचून तुकडा काढायचा मोह टाळा. ॲड्रिनलिन सोडणाऱ्या गाठीला सुई लागली तर बीपी २५० पर्यंत उसळू शकतं. ती शंका रक्ताच्या चाचणीने दूर झाल्याशिवाय बायोप्सी नको.

## तीन हार्मोन, तीन आजार

अल्डोस्टेरॉनच्या आजाराला कॉन सिंड्रोम म्हणतात. जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. बीपी तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही, पायात गोळे येतात, रात्री लघवीला उठावं लागतं, पोटॅशियम कमी. मात्र अनेक रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. तेव्हा 'पोटॅशियम बरोबर आहे, म्हणजे हा आजार नाही' हे गणित चुकीचं आहे.

तपासणी म्हणजे रक्तातल्या अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचं गुणोत्तर. सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून, मग पाच-दहा मिनिटं खुर्चीवर बसून रक्त द्यायचं. मूठ आवळून शीर फुगवायची नाही, त्याने पोटॅशियमचा आकडा खोटा चढतो. मीठ तोडायचं नाही. पहिली चाचणी चालू गोळ्यांवरही करता येते, पण अहवाल वाचणाऱ्याला गोळ्यांची नावं माहीत हवीत. अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर कधी चार आठवडे थांबावं लागतं, अर्थात डॉक्टरांनी पर्यायी गोळी देऊनच. गुणोत्तर चढं आलं तर अनेकदा पक्की खात्री करतात: चार तासांत दोन लिटर सलाईन देतात. एवढं मीठ-पाणी शरीरात गेल्यावर निरोगी ग्रंथी गप्प बसते. गाठ बसत नाही.

कॉर्टिसॉलच्या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. चेहरा गोल, पोट सुटलेलं पण हातपाय काटकुळे, पोटावर बोटभर रुंद जांभळे चट्टे, जिन्यावरून चढताना मांड्यांत जोर नाही, साखर आणि बीपी दोन्ही वर. चाचणीला लागते डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी. रात्री ११ वाजता घ्यायची, सकाळी ८ वाजता रक्त द्यायचं. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं. नाही आलं तर पुढच्या चाचण्या.

ही चाचणी फसते कुठे? टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही औषधं डेक्सामेथासोन लवकर जाळून टाकतात, मग कॉर्टिसॉल उगाच चढं दिसतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा फुगतो. रात्री उशिरा लाळेतलं कॉर्टिसॉल मोजतात, ती चाचणी हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्याच्या बाबतीत निरुपयोगी. त्याच्या शरीराची रात्र आपल्या रात्रीला जुळत नाही. आणि सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न: सांधेदुखीची पुडी, दम्याची 'जडीबुटी', गोरं करणारं मलम, यातलं काही चालू आहे का? लेबल नसलेल्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि चेहरा त्यानेही तसाच गोल होतो.

तिसरा आजार फिओक्रोमोसायटोमा. नाव जिभेला झेपत नाही म्हणून डॉक्टरही नुसतं 'फिओ' म्हणतात. ॲड्रिनलिनची गाठ. अचानक डोकं ठणकतं, घामाने अंग भिजतं, छाती धडधडते, चेहरा पांढराफटक पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत. बुटाची नाडी बांधायला वाकलं, शौचाला जोर केला, एवढ्यानेही झटका येऊ शकतो. उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शनही झटका आणू शकतं. अनेकांना वर्षानुवर्षं 'ॲन्झायटी' म्हणून पाठवलेलं असतं.

चाचणी मेटानेफ्रिनची. हे ॲड्रिनलिनचं मोडून राहिलेलं रूप. रक्तातून करायची तर २० ते ३० मिनिटं आडवं पडून मग रक्त घ्यायचं. इथे घोळ होतो. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा घाईत असतो, सोफ्यावर बसवून सुई टोचतो, आकडा थोडा चढा येतो आणि घरात घबराट. लॅबला आधी फोन करून हे बोलून घ्या. लघवीतून करायची तर पूर्ण २४ तासांची लघवी, आम्ल घातलेल्या कॅनमध्ये. सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची. एकदाही चुकली तर चाचणी वाया. झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तेही सांगा. आकडा नॉर्मलच्या तीन-चार पट असेल तर फारसा वाद उरत नाही.

## सीटीत गाठ डावीकडे दिसते, मग अजून काय शोधता?

कॉनच्या रुग्णांचा हा रास्त आक्षेप. अडचण अशी, की दिसणारी गाठ मुकी आणि हार्मोन सोडणारा खरा दोषी पलीकडच्या बाजूचा, तांदळाच्या दाण्याएवढा, सीटीत न दिसणारा, असं होतं. कधी दोन्ही ग्रंथी मिळून जास्त अल्डोस्टेरॉन सोडतात. अशा वेळी डावी काढली तर ऑपरेशन उत्तम होतं आणि बीपी तिथेच राहतं.

म्हणून दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल शिरांतून वेगवेगळं रक्त घेतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवतात, क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत. सोबत कॉर्टिसॉलही मोजतात, नळी खरंच योग्य शिरेत होती का हे तपासायला. उजवी शीर आखूड, थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत उघडणारी, त्यामुळे ती सापडणं हातखंडा असलेल्यालाच जमतं. वय ३५ च्या आत, पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरॉन भरपूर आणि सीटीत एकाच बाजूला स्पष्ट गाठ असेल, तर ही पायरी वगळता येते. दोन्ही बाजू दोषी निघाल्या तर ऑपरेशन नाही, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या आयुष्यभर.

## लोणचं खायला सांगणारे डॉक्टर

फिओच्या रुग्णाला ऑपरेशनआधी जो आहार सांगतात, त्याने घरातली माणसं गोंधळतात. दहा वर्षं मीठ कमी खा म्हणणारे डॉक्टर आता म्हणतात, मीठ घातलेलं ताक प्या, पापड-लोणचं खा, पाणी दोन-तीन लिटर घ्या. बीपीच्या माणसाला!

कारण असं. वर्षानुवर्षं ॲड्रिनलिनच्या माऱ्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि त्यांच्यात रक्तद्रव कमी झालेला असतो. गाठ तशीच काढली तर वाहिन्या एकदम सैल होतात आणि भरायला पुरेसं रक्त नसतं. बीपी कोसळतं. म्हणून आधी अल्फा ब्लॉकर गोळ्यांनी वाहिन्या हळूहळू सैल करायच्या आणि मीठ-पाण्याने त्या भरत जायच्या. फिनॉक्सिबेन्झामिन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून डोस वाढवतात, किंवा प्राझोसिन, डॉक्साझोसिन देतात. किमान सात ते चौदा दिवस. मीठ-पाणी गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी वाढवतात. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर हा मीठपाण्याचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनीच करायचा.

फिनॉक्सिबेन्झामिनने नाक चोंदलं, उठताना जरा गरगरलं, म्हणजे औषध लागू पडतंय. घरी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी लिहून ठेवायचं. बसून १३०/८० च्या आत, उभं राहून वरचा आकडा ९० च्या खाली नको. अंथरुणातून उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसा. या दिवसांत बाथरूममध्ये पडून डोकं फोडून घेणं हा खराखुरा धोका आहे.

धडधड कमी करायला बीटा ब्लॉकर देतात, पण अल्फा ब्लॉकर तीन-चार दिवस नीट चालल्यावरच. क्रम उलटा झाला तर वाहिन्या सैल करणारा एक मार्ग बंद होतो, आवळणारा मोकळा राहतो आणि बीपी भडकतं. धडधडीसाठी जवळच्या दवाखान्यात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर लिहून दिलं असेल तर ते आपल्या एंडोक्रायनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखवल्याशिवाय घेऊ नका.

'गाठ आहे ना, मग उद्याच काढा' असा घरच्यांचा आग्रह असतो. फिओमध्ये हे पंधरा दिवस वाचवायला जाऊ नये. कॉनमध्येही पोटॅशियम भरून काढायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर भुलेखाली हृदयाचे ठोके बिघडतात. कुशिंगमध्ये साखर आटोक्यात आणायची, आणि रक्त गोठण्याचा धोका जास्त म्हणून ते टाळणारी इंजेक्शनं ठरवून ठेवायची.

## टेबलावर काय होतं?

दुर्बिणीतून ॲड्रिनल काढल्याचं पहिलं वर्णन कॅनडातल्या मिशेल गानिये यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी या छोट्याशा ग्रंथीसाठी बरगडीखाली वीतभर चीर घ्यावी लागे, कधी बरगडीही कापावी लागे. ग्रंथी लहान, पण जागा खोल.

पूर्ण भूल देतात. फिओ असेल तर भुलेआधीच मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी बसवतात. बीपी ठोक्या-ठोक्याला दिसत राहतं, कारण दर पाच मिनिटांनी कफ फुगवून मोजण्याइतका वेळ इथे नसतो. मग कुशीवर वळवतात, गाठीची बाजू वर, आणि टेबल मधोमध वाकवतात. त्याने बरगडी आणि कंबरेतलं अंतर वाढतं. बरगडीच्या कडेखाली ५ ते १२ मिलिमीटरची छिद्रं, डावीकडे तीन, उजवीकडे बहुधा चार, कारण तिथे यकृत उचलून धरायला एक हात जास्त लागतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, १२ ते १५ मिलिमीटर दाबाने. फिओमध्ये हा वायू भरतानाच बीपी उसळू शकतं, म्हणून तो सावकाश भरतात.

उजवी बाजू दिसायला सोपी, करायला अवघड. यकृताचा बंध सोडवून ते वर उचललं की महाशीर आणि ग्रंथी शेजारी-शेजारी दिसतात. दोघींना जोडणारी शीर अर्धा ते एक सेंटिमीटर, आणि मागे वळलेली. तिला महाशिरेच्या बाजूला दोन क्लिपा, ग्रंथीच्या बाजूला एक, मग मधे कापायचं. इथे ओढाताण झाली आणि महाशिरेला भोक पडलं, तर क्षणात पडदा लाल होतो. जाणता सर्जन तेव्हा आंधळेपणाने क्लिपा मारत नाही. गॉजने दाबून धरतो, वायूचा दाब वाढवतो, दिसल्यावर टाका घालतो, आणि न जमल्यास पोट उघडतो.

डावीकडे शीर दोन-तीन सेंटिमीटर लांब, मूत्रपिंडाच्या शिरेत जाणारी, म्हणून निवांत. अवघड आहे ते तिथवर पोचणं. प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट एकत्र सोडवून पुढे लोटावं लागतं. प्लीहेचे बंध छाती-पोटाच्या मधल्या श्वासपटलापर्यंत पूर्ण सोडवले की गुरुत्वाकर्षणाने ती आपोआप पुढे पडते. अर्धवट सोडवले तर पुढचं सगळं काम तिच्याशी भांडण्यात जातं. स्वादुपिंडाचं शेपूट ग्रंथीसारखंच पिवळट दिसतं. तेच ग्रंथी समजून कापलं तर आतला पाचकरस गळतो आणि दोन दिवसांनी ताप, पोटदुखी सुरू होते.

ग्रंथीला येणाऱ्या रोहिण्या बारीक आणि पुष्कळ, त्या अल्ट्रासॉनिक कात्रीने किंवा वीज-उष्णतेच्या उपकरणाने जागीच सील करतात. ग्रंथी स्वतः लोण्यासारखी मऊ, चिमट्यात धरली की फाटते. म्हणून तिच्याभोवतीची चरबी धरून तिला हलवतात. फाटली तर फिओच्या पेशी पोटात सांडतात आणि वर्षांनंतर तिथे नव्या गाठी उगवतात.

फिओमध्ये या सगळ्या वेळात सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलत असतात. गाठ हलली, बीपी २०० झालं, 'थांबा'. सर्जन हात काढतो, भूलतज्ज्ञ बीपी उतरवणारं नायट्रोप्रसाइड किंवा मॅग्नेशियम वाढवतो. मग 'शिरेला क्लिप लावतोय' असं मोठ्याने सांगून सर्जन क्लिप लावतो. आता उलटं होतं, बीपी घसरतं. आधीची औषधं बंद, सलाईन जोरात, गरज पडली तर नॉरॲड्रिनलिन. ज्या हार्मोनचा अतिरेक झाला म्हणून ऑपरेशन केलं, तेच दोन मिनिटांनी नळीतून द्यावं लागतं.

शेवटी ग्रंथी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, एक छिद्र थोडं मोठं करून अख्खी बाहेर काढतात. तुकडे करत नाहीत, कारण पॅथॉलॉजिस्टला तिचं आवरण सलग बघायचं असतं.

## पाठीतून, रोबोटने, की उघडून?

जर्मनीतल्या मार्टिन वाल्झ यांनी रुळवलेली दुसरी पद्धत पाठीमागून आहे. रुग्ण पालथा, बाराव्या बरगडीखाली तीन छिद्रं, वायूचा दाब २० ते २५. आतडी, यकृत, प्लीहा वाटेतच येत नाहीत. पोटाची आधी दोन-तीन ऑपरेशनं झालेल्यांना किंवा दोन्ही ग्रंथींचं काम असलेल्यांना ही सोयीची. जागा चिंचोळी असल्याने फार मोठ्या गाठीला चालत नाही. आपला सर्जन ज्या वाटेने रोज जातो, ती वाट चांगली.

रोबोटबद्दल सगळेच विचारतात. छिद्रं तेवढीच, आतलं काम तेच, हात सर्जनचेच, बिल मात्र मोठं. अर्धी ग्रंथी वाचवायची असेल तर त्याच्या बारीक हालचालींचा उपयोग होतो. साध्या दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठीसाठी तो जास्त चांगला ठरल्याचं दिसलेलं नाही. 'लेझरने काढतात का?' याचं उत्तर नाही.

कॅन्सरची दाट शंका असेल तर मात्र मोठी चीरच बरी. गाठ आजूबाजूला चिकटलेली, कॉर्टिसॉल आणि पुरुषी हार्मोन दोन्ही चढे, बाईला अचानक दाढी-मिशा, ही लक्षणं असताना छिद्रांचा हट्ट धरला आणि गाठ आत फुटली, तर रुग्ण बरा होण्याची एकमेव संधी जाते. सहा सेंटिमीटरच्या पुढे बहुतेक सर्जन दोनदा विचार करतात. सुरुवात दुर्बिणीने करून मधेच पोट उघडावं लागणं हे फसलेलं ऑपरेशन नव्हे. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं, वाचून सही करा.

## दुसऱ्या दिवसापासून

खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का, म्हणून लोक चक्रावतात. उरलेल्या वायूने श्वासपटल चुरचुरतं, त्याची कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. पुणेकरांचा पुढचा प्रश्न: गाडी कधी चालवू? दुचाकी साधारण दोन आठवड्यांनी, आपल्या रस्त्यांचे खड्डे धरून. पाच किलोच्या वरचं वजन महिनाभर नको, भरलेली बादलीही त्यात आली.

फिओनंतरचे पहिले २४ तास साखर तपासत राहतात. ॲड्रिनलिनने दाबून ठेवलेलं इन्सुलिन एकदम मोकळं होतं आणि साखर घसरते. भुलेच्या गुंगीत ते कळत नाही. दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा, पुढे दरवर्षी. फिओच्या तीनात एकाच्या मागे आनुवंशिक दोष असतो, म्हणून प्रत्येकाला जनुकीय चाचणी सुचवतात. ती पुढे भावंडांच्या आणि मुलांच्या कामी येते.

कॉनमध्ये पोटॅशियमची औषधं आणि स्पायरोनोलॅक्टोन दुसऱ्याच दिवशी बंद होतात. पलीकडची ग्रंथी इतके दिवस सुस्त पडलेली असते, तिला जाग येईपर्यंत पोटॅशियम उलट चढू शकतं. चार आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. भेटायला येणारे शहाळी आणतात, ती त्यांनाच पाजा. 'लो सोडियम' मीठही नको, त्यात पोटॅशियमच असतं.

कुशिंगनंतर गाफील राहिलं तर जिवावर बेततं. दुसरी ग्रंथी पार झोपलेली असते. म्हणून कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आधी शिरेतून, मग गोळ्यांनी, सहा महिने ते दीड वर्ष. डोस उतरवताना सांधे दुखतात, अंग गळतं, मळमळतं, आणि 'ऑपरेशनआधीच बरा होतो' असं वाटतं. याच टप्प्यावर लोक 'स्टेरॉइड वाईट' म्हणून गोळ्या परस्पर सोडतात. सोडायच्या नाहीत. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. 'मला स्टेरॉइड चालू आहे' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. दात काढायला गेलात तरी तो दाखवा.

## बीपीच्या गोळ्या सुटतील का?

कॉनच्या ऑपरेशनबद्दलची १२ केंद्रांतल्या ७०५ रुग्णांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९४ जणांचं हार्मोन पूर्ण ताळ्यावर आलं. गोळ्या मात्र ३७ जणांच्याच पूर्ण सुटल्या. आणखी ४७ जणांचं बीपी सुधारलं किंवा गोळ्या कमी झाल्या. तरुण, स्त्रिया, आधी कमी गोळ्या लागणारे, यांना फायदा जास्त. वीस वर्षं बीपी राहिलं तर रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात, त्या ऑपरेशनने मऊ होत नाहीत. तरीही हार्मोन आटोक्यात आल्याने हृदयावरचा आणि किडनीवरचा मारा थांबतो, तेव्हा एक गोळी उरली म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं धरू नका.

## पुण्यात कुणाला काय विचारायचं?

पहिली चिठ्ठी एंडोक्रायनोलॉजिस्टची घ्या, सर्जनची नंतर. सर्जन जनरल असो, युरॉलॉजिस्ट असो की हार्मोनच्या ग्रंथींचा खास, पाटीपेक्षा हात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला सहापेक्षा कमी ॲड्रिनल करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत जास्त दिसली. तेव्हा 'वर्षाला किती करता?' हे विचारायला संकोच नको. फिओ असेल तर 'भूलतज्ज्ञ कोण, आणि त्यांनी फिओ केले आहेत का?' हेही विचारा. रात्रीपुरती आयसीयूची खाट ठरलेली आहे का, तेही.

खर्चाचा अंदाज मागताना नुसत्या ऑपरेशनचा मागू नका. हार्मोनच्या चाचण्या, शिरांतलं रक्त, जनुकीय चाचणी, आयसीयूचा एक दिवस, कात्री आणि क्लिपांचं वेगळं बिल, हे सगळं धरून लेखी घ्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या खासगी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि पूर्वमंजुरीला कुठले रिपोर्ट लागतात, हे भरती होण्याआधी त्याच्याकडून कळतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. फिओच्या रुग्णाने अल्फा ब्लॉकर सुरू होईल त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज टाकावा.